आयसोटाइप
आयसोटाइप : संख्यात्मक माहिती ठराविक व साध्या चित्रचिन्हांच्या द्वारे सर्वसामान्यांना समजेल अशा रीतीने मांडण्याची पद्धती. ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ ओटो नॉयराट (१८८२–१९४५) हा तिचा प्रवर्तक होय.

आकडेवारीचे आलेख काढण्याची प्रथा त्यापूर्वीच सुरू झाली होती. विल्यम प्लेफेअरने व्यापारविषयक आलेखांचा संग्रह १७८६ मध्ये प्रसिद्ध केला होता. तथापि असे आलेख वाचण्यास काही पूर्वशिक्षण आवश्यक असे. नॉयराटने १९२५ मध्ये नगर प्रशासनाच्या साहाय्याने व्हिएन्ना येथे सामाजिक व आर्थिक संग्रहालय स्थापन केले. घरबांधणी, आरोग्य, रोजगार यांविषयीची आकडेवारी कामगारांनाही कळावी. ती कळल्याखेरीज नागरिकास सार्वजनिक प्रश्नांवर स्वतःचे मत बनविता येत नाही, ही त्यामागील भूमिका होती.

मोठी संख्या मोठ्या चित्राने न दाखविता त्याच आकाराच्या अधिक चित्रांनी दाखवावी, हा या पद्धतीचा मूळ नियम होय. मनुष्याकृती दुप्पट उंच काढल्यास तिची रुंदीही दुप्पट होऊन क्षेत्रफळ चौपट होते व पाहणाराची दिशाभूल होते. समान चिन्हे मात्र मोजता येतात. यथादर्शन व शोभेचे तपशील टाळून रंगांचाही उपयोग अर्थभेद दर्शविण्यासाठीच करतात. चिन्हांचे रेखाटन मुख्यतः गेर्ट आर्न्ट्स (१९००–८८) या जर्मन चित्रकाराने केले. त्याआधीचे ‘रूपांतरा’चे काम, म्हणजे आकडेवारीतून काय सांगावयाचे, काय वगळावयाचे व कशाची तुलना करावयाची हे ठरविणे, मारी राइडमाइस्टर (१८९८–१९८६) हिच्याकडे असे. तक्त्याचे शैक्षणिक मूल्य रेखाटनापेक्षा या निवडीवर अधिक अवलंबून असते.

१९३४ मधील यादवी संघर्षात व्हिएन्नाचे समाजवादी प्रशासन संपुष्टात आले आणि नॉयराट व त्याचे प्रमुख सहकारी हेग येथे गेले. तेथे १९३५ मध्ये या पद्धतीस आयसोटाइप हे नाव मिळाले. १९४० मध्ये जर्मन आक्रमणामुळे नॉयराट व राइडमाइस्टर यांनी इंग्लंडचा आश्रय घेतला. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली आणि १९४२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड येथे आयसोटाइप संस्था स्थापन केली.

ओटोच्या निधनानंतर मारीने मुलांसाठी सचित्र विज्ञानपुस्तके तयार केली. १९५० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेत काम करताना तेथील घरे व वेशभूषा यांना अनुसरून चिन्हे बदलावी लागली. चित्रभाषेचे नियम सार्वत्रिक असू शकतात. तिची चिन्हे मात्र पाहणाराच्या परिचयातील असावी लागतात, हे या अनुभवावरून स्पष्ट होते.