तक्रार आणि तिचे उत्तर

व्यापाऱ्याचे भांडवल दोन ठिकाणी असते. काही त्याच्या तिजोरीत असते आणि काही लोकांच्या तोंडी. पहिल्याला पैसा म्हणतात, दुसऱ्याला पत. तिजोरीला कुलूप घालता येते; लोकांच्या तोंडाला ते घालता येत नाही. म्हणूनच जगातील सर्व बाजारपेठांत, सर्व काळी, प्रामाणिक विक्रेत्याला चोरापेक्षाही अन्यायकारक बोलाची धास्ती अधिक वाटत आली आहे.

आज बेळगावचा कुंदा, सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा महेश्वरी लुगडी इंटरनेटच्या द्वारे दूरदेशी विकणाऱ्या लहान विक्रेत्याची स्थिती याहून निराळी नाही. माल चोख असतो, बांधणी नीट केलेली असते. परंतु वाटेत पार्सलाला चार दिवस जास्त लागतात, आणि ग्राहक रागाच्या भरात पाचांपैकी एकच तारा देऊन ‘फसवणूक’ हा शब्द लिहून मोकळा होतो. पुढे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक तो शब्द वाचते. विक्रेता मनात विचारतो, ‘माझी बाजू कोण ऐकणार?’ हा प्रश्न इंटरनेटपेक्षा फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इराकमधील प्राचीन ऊर नगरीचे उत्खनन लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केले. तेथे सापडलेली, तळहातात मावेल एवढी एक मातीची वीट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा काळ इ. स. पूर्व सुमारे १७५०. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला कीलाकार लिपीत लिहिलेले ते तक्रारीचे पत्र आहे. चांगले तांबे देण्याचे कबूल करून एआ-नासिरने हलक्या प्रतीचे तांबे पुढे केले. घ्यायचे तर घ्या, नाही तर चालते व्हा, असे आपल्या माणसाला सुनावले. आणि त्या माणसाला शत्रूच्या मुलुखातून रिकाम्या हाताने परत यावे लागले, असे नन्नीचे म्हणणे. यापुढे आपण आपल्या अंगणात एकेक लगड पारखून घेऊ, असेही त्याने बजावले आहे. एआ-नासिर खरोखरच लबाड असेल. त्याच्याविरुद्धच्या आणखीही तक्रारी ऊर येथे मिळाल्या आहेत. परंतु या पत्राला त्याने काय उत्तर दिले, ते मिळालेले नाही. पावणेचार हजार वर्षे तक्रार टिकली, उत्तर टिकले नाही. न्यायाच्या दृष्टीने हा निकाल एकतर्फीच म्हटला पाहिजे.

जुन्या पेठांतून या एकतर्फीपणाला एक नैसर्गिक आळा होता. आपल्याकडील सराफीत ‘शहाजोग’ हुंडी म्हणून एक प्रकार होता. बाजारात जो शहा, म्हणजे पतदार, म्हणून मान्यता पावला असेल त्याच्याच हाती त्या हुंडीची रक्कम पडावयाची. शहा कोण हे ठरवीत असे ती पेठ. पण ती पेठ दोघांनाही ओळखत होती. ज्याने नाव ठेवले तो कोण, कसा, त्याचे पूर्वीचे व्यवहार काय, हे चार दुकानदारांना ठाऊक असे. निंदा करणाऱ्याचीही पत निंदेबरोबर तोलली जाई. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधील अंतर वाढले, तेव्हा हा तोल ढळला.

तो ढळल्याचे पहिले ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. १८३७ च्या आर्थिक आपत्तीत तेथील असंख्य पेढ्या बुडाल्या. न्यूयॉर्कचे घाऊक व्यापारी दूरच्या गावातील दुकानदारांना उधारीवर माल देत, पण त्यांची पत जाणण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. रेशमाचे व्यापारी आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक लुईस टॅपन यांनी १८४१ साली ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावचे वार्ताहर, बहुधा वकील, स्थानिक दुकानदारांविषयी गुप्त अहवाल पाठवीत. ते जाड वह्यांत उतरवले जात. आणि वर्गणीदार व्यापारी कचेरीत येऊन हवा तो उतारा ऐकून जात. याच संस्थेच्या परंपरेतील अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. योजना उपयुक्त होती यात शंका नाही. दोष एवढाच, की ज्याच्याविषयी लिहिले जाई त्याला ते दिसत नसे. आणि जो लिही त्याचे नाव कोणालाच सांगितले जात नसे.

ओहायो राज्यातील नॉरवॉक या लहान गावी बिअर्ड्‌स्ली नावाचे दोघे दुकानदार होते. १८४८ साली त्यांच्याविषयी न्यूयॉर्कच्या वहीत प्रतिकूल मजकूर आला. त्यात एकाच्या पत्नीकडून घटस्फोट मागितला जाण्याची वार्ताही होती. उधारीचे दरवाजे त्यांना बंद झाले. त्यांनी टॅपन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८५१ साली खटला उभा राहिला, तेव्हा टॅपन यांचे उत्तराधिकारी बेंजामिन डग्लस यांनी वार्ताहराचे नाव सांगण्याचे नाकारले आणि त्यापायी वीस दिवसांचा तुरुंगवास पत्करला. ज्यूरीने बिअर्ड्‌स्ली यांना दहा हजार डॉलर भरपाई द्यावी असे ठरवले. परंतु प्रकरण वर चढत गेले, आणि १८७० साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. एका उताऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी दोन तपे खर्ची पडली आणि हाती काही राहिले नाही. लहान दुकानदाराला कोर्टाचा मार्ग किती लांबचा असतो, हे यावरून दिसते.

यानंतरचे मोठे वळण १९९६ साली आले. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात इंटरनेटवरील लिलावाचे एक स्थळ सुरू केले. पुढे तेच ‘ईबे’ या नावाने प्रसिद्धीस आले. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे तेथे देवघेव करीत, आणि भांडणे ओमिड्यार यांच्याकडे येत. प्रत्येक तंटा आपण कोठवर मिटवणार, असा प्रश्न त्यांना पडला. २६ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांनी सभासदांना उघडे पत्र लिहून अभिप्रायाची पद्धत सुरू केली. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, ही त्यामागील श्रद्धा होती. चांगल्या व्यवहाराला अधिक एक, वाईटाला उणे एक. बेरीज उणे चारवर घसरली की सभासदत्व संपुष्टात. टॅपन यांच्या वहीच्या मानाने ही फार मोठी सुधारणा होती. कारण अभिप्राय आता उघड होता, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला तो वाचता येत होता.

तथापि येथे दुसराच दोष उद्भवला. ग्राहक आणि विक्रेता दोघेही एकमेकांना गुण देऊ शकत. तू मला उणे दिलेस तर मी तुला उणे देईन, या भीतीने पुष्कळ ग्राहक गप्प राहू लागले. १९९९ च्या व्यवहारांवरून रेस्निक आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी काढलेले आकडे बोलके आहेत: ग्राहकांच्या अभिप्रायांपैकी ९९.१ टक्के अनुकूल आणि केवळ ०.६ टक्के प्रतिकूल होते. एवढी स्तुती खरी मानणे कठीण. अखेर मे २००८ पासून विक्रेत्यांना ग्राहकाविषयी प्रतिकूल शेरा लिहिण्याची मनाई झाली. हा बेत जाहीर होताच फेब्रुवारीत कित्येक विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार पुकारला होता. त्यांची तक्रार निराधार नव्हती. सूडाचे शस्त्र त्यांच्या हातून गेले हे उचितच झाले. परंतु त्याबरोबर अन्यायी ग्राहकाला असलेला एकुलता एक धाकही गेला. उरले ते केवळ उत्तर.

मग एका वाईट शेऱ्याने विक्रेत्याचे नेमके किती बिघडते? याविषयी दोन अभ्यास लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कॅब्राल आणि हॉर्ताचसू यांना २०१० साली असे आढळले, की पहिला प्रतिकूल शेरा येताच विक्रेत्याची आठवड्याची विक्री ५ टक्के वाढीवरून ८ टक्के घटीवर येते. मात्र पुढील शेऱ्यांचा परिणाम त्या मानाने पुष्कळच कमी असतो. उलट रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जुनी चित्रपत्रे विकताना, नावाजलेल्या विक्रेत्याला नवख्यापेक्षा ८.१ टक्के अधिक किंमत मिळाली. पण नवख्याच्या नावावर एकदोन वाईट शेरे असल्याने ग्राहकांनी देऊ केलेल्या किमतीत फरक पडला नाही. सारांश, पहिला घाव खोल लागू शकतो, पण एका शेऱ्याने पत संपतेच असे नाही. आणि दीर्घकाळच्या चोख व्यवहाराचे मोल मात्र रोख मिळते.

हे ध्यानात न घेतल्यास काय होते, त्याचे उदाहरण पुन्हा ओहायोतच घडले. २०१३ साली तेथील एका वैद्यकीय उपकरणांच्या विक्रेत्याचे पार्सल ग्राहकाकडे पोहोचले, तेव्हा टपालखर्चापोटी १.४४ डॉलर कमी भरल्याचे निघाले आणि ते ग्राहकाला भरावे लागले. ग्राहकाने ही गोष्ट प्रतिकूल अभिप्रायात नमूद केली. विक्रेत्याने रक्कम परत करण्याची तयारी दाखवली होती. आपली चूक नसता ठपका आला, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. परंतु लिहिलेली गोष्ट खोटी नव्हती, आणि तरीही त्याने दावा लावला. देशभर गवगवा झाला, आणि माफी मागून त्याला दावा मागे घ्यावा लागला. दीड डॉलरही न भरणारी ती तक्रार एरवी थोड्याच दिवसांत विस्मृतीत गेली असती. बिअर्ड्‌स्ली यांचा दावा आणि हा दावा यांत हाच भेद आहे: तेथे विक्रेत्याला उत्तर देण्याची जागाच नव्हती म्हणून तो कोर्टात गेला; येथे जागा असूनही तो गेला.

कायद्यानेही पुढे हाच विवेक स्वीकारल्याचे दिसते. प्रतिकूल अभिप्राय लिहिणार नाही, अशी ग्राहकाला बांधून घेणारी ठराविक छापाची कलमे अमेरिकेने २०१६ च्या कायद्याने निरर्थक ठरवली. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी, विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास बंदी घातली. आणि भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी ‘आय. एस. १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. सचोटी, अचूकता, पारदर्शकता आणि प्रतिसादतत्परता ही त्याची काही तत्त्वे आहेत. थोडक्यात, ग्राहकाचे तोंड बंद करणे आणि खोटी स्तुती उभी करणे हे दोन्ही आडमार्ग बंद झाले. सरळ मार्ग तेवढा मोकळा राहिला.

तो मार्ग म्हणजे उत्तराचा. एका अन्यायकारक शब्दाने ज्याची झोप उडाली आहे अशा विक्रेत्याला हा इतिहास काही धडे देतो. उत्तर त्याच दिवशी, रागात लिहू नये. माल कधी पाठवला, कधी पोहोचला, काय भरपाई देऊ केली, हे तारखांसह चार ओळींत मांडावे. शेऱ्यात शिवीगाळ किंवा धमकी असेल, अथवा तो दुसऱ्याच मालाविषयी असेल, तर पुराव्यासह बाजारस्थळाच्या चालकांकडे दाद मागावी. तक्रारीत खरा अंश असेल तर तो आधी मान्य करावा. एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करणाऱ्याच्या इतर नऊ गोष्टींवर विश्वास बसतो. आणि मुख्य म्हणजे, ते उत्तर रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी नसून अजून न आलेल्या गिऱ्हाइकासाठी आहे, हे विसरू नये. रागावलेला माणूस बहुधा परत येत नाही. पण त्याच्या मागून येणारा दोन्ही बाजू वाचतो, आणि कोणाची भाषा तोलाची आहे हे त्याला कळते.

नन्नीचे म्हणणे मातीत कोरले गेले म्हणून ते राहिले. एआ-नासिरपाशी सांगण्यासारखे काही होते की नाही, हे आता कोणालाही ठरवता यायचे नाही. आजच्या विक्रेत्यावर तशी पाळी येण्याचे कारण नाही. तक्रारीच्या खालीच त्याच्यासाठी कोरी जागा ठेवलेली असते. ती जागा मिळायला माणसाला पावणेचार हजार वर्षे लागली आहेत. ती रिकामी सोडू नये, आणि रागाने भरूही नये.