व्हिएन्ना, २९ जानेवारी १८८१



घरून फोन येतो. आई किंवा बाबा म्हणतात, "काही नाही रे, जरा ॲसिडिटी आहे." आपणही विषय बदलतो. आजची गोष्ट ऐकल्यावर कदाचित बदलणार नाही.

गोष्ट आहे व्हिएन्नाची. टेरेसा हेलर ही ४३ वर्षांची बाई, आठ मुलांची आई. खाल्लेलं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं. आंबट दुधावर ती कशीबशी तग धरून होती. जठरातून अन्न जिथून आतड्यात जातं, ते तोंडच कर्करोगाच्या गाठीनं बंद होत आलं होतं.

डॉ. थिओडोर बिलरोथ यांनी तो भाग कापून काढायचं ठरवलं. याआधी १८७९ मध्ये पॅरिसला पेआँ यांनी आणि १८८० मध्ये पोलिश सर्जन रिडिगिएर यांनी हेच करून पाहिलं होतं. दोन्ही रुग्ण दगावले होते. बिलरोथ यांची तयारी मात्र काही वर्षांची होती. जठराचा तुकडा काढून उरलेला भाग आतड्याला शिवला, तर तो सांधा भरून येऊ शकतो, हे त्यांच्या शिष्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

२९ जानेवारी १८८१. टेरेसाचं जठर कोमट पाण्यानं धुतलं, क्लोरोफॉर्म दिला. शस्त्रक्रिया दीड तास चालली. सुमारे १४ सेंटिमीटरचा भाग काढला आणि जंतुनाशक कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या रेशमी धाग्याचे पन्नासेक टाके घातले. टेरेसा वाचली, खाऊ-पिऊ लागली, घरी गेली.

पण चार महिन्यांच्या आत ती वारली. सांधा उत्तम भरला होता. रोग मात्र आधीच पसरलेला होता.

पुढे शस्त्रक्रिया सुधारत गेली. १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी एका बाईंचं संपूर्ण जठर काढलं, आणि त्या वर्षभराहून अधिक जगल्या. तरी टेरेसाच्या वेळचा प्रश्न उरलाच: रोग वेळेत कळायचा कसा? त्यावर मोठं काम जपाननं केलं. तिथे हा कर्करोग फार. १९६० च्या दशकात एक्स-रेची सोय असलेल्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या; काही त्रास नसलेल्या माणसांनाही बेरियम पाजून तपासू लागल्या. रोग जठराच्या वरवरच्या थरांत असतानाच सापडू लागला, आणि शस्त्रक्रियेनंतर माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. आज अगदी सुरुवातीची गाठ कित्येकदा पोट न उघडता, दुर्बिणीतूनच काढता येते.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या फोनवर दोन प्रश्न जास्त विचारा. वजन उतरतंय का? दोन घासांतच पोट भरतं का? उलट्या होतात का, शौचाला काळं होतं का? बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, ॲसिडिटीच्या गोळीला नको.