न पाहता केलेला सौदा

गेल्या वर्षी अब्बांचं पायाचं शिलाई मशीन मी मोबाइलवरून विकायला काढलं. फोटो टाकला, किंमत लिहिली. दिवसभर मेसेज येत राहिले : "आहे का?", "लास्ट किती?" एकाने निम्म्या किमतीत मागितलं. एकाने "उद्या येतो" म्हणत चार दिवस थांबवलं. शेवटी अंबडकडचा एक तरुण तीर्थपुरीला घरी आला, मशीन फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, चाकाला तडा आहे. फोटोत दिसला नाही. राहू द्या." मला राग आला. एवढ्या लांब येऊन नाही म्हणायचं?

पण फोटो मीच चांगल्या बाजूने काढला होता. तेव्हापासून प्रश्न पडला : आपल्या जुन्या लोकांनी अशा गिऱ्हाइकांचं काय केलं असतं?

सौदा, दलाल, बयाणा, किंमत, नफा हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि बाजारात असे मुरले की आता कोणालाच परके वाटत नाहीत. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळात सौद्याआधी आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी लागे : रुपया हाली की कलदार? सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. हे आधी ठरलं नाही, तर भांडण नक्की. म्हणजे सगळं आधी बोलून घेणं ही बाजाराची जुनी शिकवण आहे.

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घेऊन बोटांनी भाव ठरवत. सौदा मोडला, तरी आकडा चारचौघांत फुटत नसे आणि पुढचं गिऱ्हाईक त्याच्याही खाली मागत नसे. दोघांना ओळखणारा दलाल मध्ये असल्याने उगाच घासाघीस करणाऱ्यालाही थोडी लाज असे. मोबाइलवर ना रुमाल आहे, ना मधला माणूस.

आता माझ्या रागाबद्दल. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकात, 'फतावा-ए-आलमगिरी' हा हनफी फिकहचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात खरेदी-विक्रीवर स्वतंत्र प्रकरण आहे. हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रुयत' नावाचा हक्क सांगितला आहे : न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर पसंत पडली नाही, तर घेणाऱ्याला सौदा सोडता येतो. वस्तूत दोष असायलाच हवा, अशी अटही नाही. दुसरा हक्क 'खियार-ए-ऐब' : आधी न सांगितलेला दोष निघाला, तर माल परत करता येतो. दोष लपवून विकण्याला तर प्रेषितांनी (स.) स्पष्ट मनाई केली आहे.

म्हणजे तो तरुण त्रासदायक नव्हता. तो आपला हक्क वापरत होता. चूक माझी होती.

१९९५ साली अमेरिकेत पुढे 'ईबे' झालेल्या साइटवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरचा किस्सा सांगतात. मालकाने घेणाऱ्याला विचारलं, "तो बिघडलेला आहे, माहीत आहे ना?" तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. खरं सांगितलं, तर योग्य गिऱ्हाईकही भेटतं.

"येतो" म्हणून न येणाऱ्यासाठी आपल्याकडे इसार होता. मात्र सौदा मोडला की इसार गिळून टाकावा का, यावर फकिहांत मतभेद आहेत. हनफी, मालिकी आणि शाफई मताप्रमाणे तो परत द्यावा. हंबली मतात तो ठेवता येतो. म्हणून मी साधी वाट धरली : थोडा इसार, ठरलेला दिवस, तोपर्यंत माल दुसऱ्याला नाही, नंतर मी मोकळा आणि इसारही परत.

मात्र ठगाला हा मान नाही. वस्तू न पाहताच "पूर्ण पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणणारा घेणारा नसतो, लुटणारा असतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. योगायोगाने आपल्या देशाचा मालविक्रीचा कायदाही १९३० चाच आहे. आकडा लक्षात राहतो.

मी तड्याचा फोटो जवळून काढून पुन्हा टाकला आणि किंमत थोडी उतरवली. मेसेज कमी आले. तिसऱ्या दिवशी एक बाई मुलाला घेऊन आल्या, तड्यावर बोट फिरवलं, म्हणाल्या, "हे तर तुम्ही सांगितलंच होतं, भाऊ." मशीन टेम्पोत चढवताना घासाघीस झाली नाही. अब्बा असते, तर त्यांनीही आधी तोच तडा दाखवला असता.