घाटमाथा, झरे आणि यात्रा : बीड जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांचा पूर्वेतिहास

महाराष्ट्राच्या पर्यटनाचे जे चित्र सर्वपरिचित आहे, त्यातील सदाहरित अरण्ये, थंड हवेची ठिकाणे आणि समुद्रकिनारे हे तिन्ही घटक राज्याच्या पश्चिम पट्ट्यात एकवटलेले आहेत आणि त्यांची आजची कीर्ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडलेली आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरच्या आरोग्यस्थानाला चालना दिली, १८५० मध्ये ह्यू मॅलेट या कलेक्टराने माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला आणि पुढे रेल्वेमुळे ही ठिकाणे मुंबईकरांच्या सुट्टीच्या टप्प्यात आली. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या प्रदेशात वसलेल्या बीड जिल्ह्याला हा इतिहास लागू पडत नाही. तरीही धबधबे, दऱ्या, लेणी, किल्ले आणि जलाशय या जिल्ह्यात आहेत, आणि शतकानुशतके तेथे माणसांची ये-जा चालत आलेली आहे. ही स्थळे हवापालटासाठी शोधली गेली नाहीत. दुष्काळी मुलखात जेथे पाणी टिकते तेथे आधी वस्ती, मग देवस्थान आणि देवस्थानामागोमाग यात्रा, या क्रमाने ती नावारूपाला आली.

या क्रमाचे मूळ जिल्ह्याच्या भूरचनेत आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या काठची सखल, काळ्या मातीची पट्टी गंगाथडी या नावाने ओळखली जाते. दक्षिणेस व पश्चिमेस बालाघाटाचे पठार असून त्याची उंची साधारण सहाशे ते नऊशे मीटरांच्या दरम्यान आहे. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरांच्या आतबाहेर पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाचा जेमतेम आठवा हिस्सा, आणि त्यामुळे येथील रान हे पावसाळ्यात हिरवे होऊन उन्हाळ्यात पाने गाळणारे, खैर, धावडा, पळस आणि काटेरी झुडपांचे रान आहे. जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी उंच रेषा, याच पठारावरून जाते. पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या सिंदफणा आणि मांजरा या नद्या वेगवेगळ्या वाटांनी गोदावरीला मिळतात, तर त्याच परिसरातील विंचरणा जामखेडकडे उतरून सीनेला आणि सीनेवाटे भीमेला मिळते. पठाराची कड जेथे तुटते तेथे खडकात मुरलेले पाणी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, आणि जिल्ह्यातील बहुतेक ख्यातनाम स्थळे या तुटलेल्या कडेच्या आसपास आढळतात.

पाटोदा तालुक्यातील सौताडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे विंचरणेचे पात्र एकाएकी दरीत कोसळते आणि धबधब्याच्या तळाशी रामेश्वराचे देवालय आहे. श्रावणात दर्शनासाठी दरी उतरणाऱ्या भाविकांच्या दृष्टीने धबधबा हा देवस्थानाचाच भाग असतो, तर आज नगर–बीड रस्त्यावरून वाट वाकडी करून येणारा प्रवासी धबधब्यासाठी येतो आणि देवालय वाटेत पाहतो. स्थळ तेच राहून येण्याचे कारण कसे पालटले, हे येथे स्पष्ट दिसते. बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्याजवळील कपिलधार येथेही डोंगरकपारीत धबधबा आहे, परंतु त्याची ख्याती वीरशैव संत मन्मथस्वामी यांच्या समाधीमुळे झाली. ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे कर्ते असलेल्या मन्मथस्वामींना महाराष्ट्रातील लिंगायत समाजात अग्रस्थान आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात. कार्तिकात खरिपाचे पीक हाती आलेले असते, झरे अद्याप वाहते असतात आणि वाटा कोरड्या झालेल्या असतात. मोठा जमाव डोंगरात मुक्कामी राहू शकेल अशी सोय कोरड्या पठारावर वर्षातून फार थोडे दिवस असते, आणि यात्रेची तिथी नेमकी त्या दिवसांत येते.

जेथे निसर्गाने झरा दिला नाही तेथे तो खोदून काढण्यात आला. बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर चालुक्यकालीन शैलीचे असून ते चौकोनी जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. त्याच्या बाह्यभिंतींवरील शिल्पांत शस्त्रधारी स्त्रियांच्या मूर्ती असल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले आहे. शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर असलेली खजाना विहीर ही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, सलाबतखानाने बांधवली, आणि तिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते. ही विहीर केवळ पाणी साठवणारी नाही. जमिनीखालून काढलेल्या बोगद्यांतून भूजल तिच्यात उतरते आणि वेगळ्या बोगद्याने ते जमिनीच्या उताराचा फायदा घेत, मोट न लावता, खालच्या बाजूच्या बलगुजार भागातील शेतापर्यंत जाते. पुढे सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे नहरीची जी योजना केली ती याच तत्त्वावर आधारलेली होती. त्या दृष्टीने खजाना विहीर ही दख्खनमधील भूमिगत जलव्यवस्थेच्या आधीच्या टप्प्याची साक्ष आहे.

यात्रेचा सर्वांत प्राचीन आणि संपन्न थर अंबाजोगाईत सापडतो. यादव राजा सिंघण दुसरा याचा सेनापती खोलेश्वर याचे हे ठाणे होते आणि त्याच्याशी निगडित शिलालेख येथे मिळाले आहेत. बाराखांबी या नावाने लोकांत परिचित असलेले सकलेश्वराचे मंदिर शके ११५० म्हणजे इ. स. १२२८ मधील आहे, तर गुजरातच्या मोहिमेत धारातीर्थी पडलेल्या राम या आपल्या भावाच्या स्मरणार्थ खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने शके ११६२ मध्ये, इ. स. १२४० साली, मंदिर बांधले. गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी दाखवली जाते. त्यांच्या ‘विवेकसिंधु’ची रचना परंपरेने शके १११० मध्ये झाली असे मानतात. कवीच्या स्थळाविषयी विदर्भातील आंभोऱ्याचाही दावा असला तरी अंबाजोगाईच्या दरीला तीर्थाचे रूप आले ते या समाधीमुळेच. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातील दासोपंतांनी येथेच ग्रंथरचना केली आणि ‘पंचीकरण’ हा विषय लांबलचक कापडावर लिहून काढला. ही पासोडी, म्हणजे अंगावर घेण्याचे जाडे वस्त्र, मराठी हस्तलिखितांच्या इतिहासातील विलक्षण वस्तू होय.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांतील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे, आणि त्यामुळे समुद्रकिनारी राहणाऱ्या कुटुंबांची वाट पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून या कोरड्या पठाराकडे आलेली आहे. या नात्याचा उलगडा करणारी दंतकथा अशी की, योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, कोकणातून वऱ्हाड निघाले, परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले. हत्तीखाना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैव लेण्यातील, म्हणजे डोंगरात कोरून काढलेल्या देवालयातील, दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडाचे अवशेष समजले जातात. शिल्पाचा काळ आणि आश्रयदाता यांची चर्चा इतिहासकार करतो. लोकपरंपरेने मात्र लेणे, देवी आणि परळीचे ज्योतिर्लिंग या तीन स्थळांना एका कथेत गुंफून यात्रेकरूचा मार्ग आखून दिला. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केल्यावर या मार्गाचे परळीचे टोक अधिक बळकट झाले.

देवस्थानांखेरीज घाटवाटांनीही काही स्थळांना महत्त्व दिले. बालाघाटाच्या कडेवरील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने सोळाव्या शतकात बळकट केला, तो निजामशाहीकडे गेला आणि पुढे मोगलांच्या हाती पडून धारूरला फतेहाबाद हे नाव मिळाले. किल्ला एवढ्या हातांतून फिरला याचे कारण गोदाखोऱ्यातून दक्षिणेकडे चढणाऱ्या वाटेवर त्याची नजर होती. गंगाथडीतील राक्षसभुवन हे शनीचे स्थान असून तेथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. कुतूहलाची स्थळेही येथे जुनीच आहेत : बीडपासून जवळ, करझणीच्या परिसरात, महंमद तुघलकाच्या पडलेल्या दातावर बांधलेली म्हणून सांगितली जाणारी कबर आहे.

हैदराबादच्या निजामाच्या राज्यात या वारशाकडे विषम लक्ष दिले गेले. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. परंतु इंग्रजी मुलखात छावणीलगत जशी हवेशीर ठिकाणे वाढली तशी बालाघाटावर वाढली नाहीत. १९१४ मध्ये गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे सर्वाधिक लक्ष अजिंठा आणि वेरूळ यांच्याकडे गेले. लोहमार्ग परळीला आला, पण बीड शहर त्यापासून दूरच राहिले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी नगरहून निघालेली गाडी आष्टीला पोहोचण्यास २०२२ आणि बीडला पोहोचण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

दळणवळणाच्या या अभावाबरोबर आर्थिक स्थितीचाही विचार करावा लागतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा असून दसरा-दिवाळीनंतर लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. येथील मोठ्या वर्गाचा प्रवास हा पोटासाठीचा आहे आणि देवदर्शन हीच त्याला परवडणारी सहल आहे. त्यामुळे दसऱ्याचा मेळावा किंवा देवस्थानाच्या गडावरची वारी ही ऊसतोडीच्या फडावर जाण्यापूर्वीची भेटगाठही असते. दुसरीकडे, सरकारी व्याख्येतील निसर्गपर्यटनाची सुरुवात १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे सुमारे तीस चौरस किलोमीटरांचे मयूर अभयारण्य घोषित झाले तेव्हा झाली, असे म्हणता येईल. मोराला आसरा देणारे हे झुडपी रान, सौताड्याची दरी आणि मांजरेचा उगम एकाच तालुक्यात आहेत, ही बाब या प्रदेशात पाणी, वन्यजीव आणि तीर्थ यांची सांगड किती घट्ट आहे हे दाखवते.

म्हणून बीडच्या स्थळांचे जतन करताना पश्चिम घाटातील विश्रामगृहे आणि पॉइंट यांचा नमुना उचलून भागणार नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी बालाघाटाच्या माथ्यावरील पाणलोटाची अवस्था सर्वांसमोर आली. याच माथ्यावर पडणारे व मुरणारे पाणी कपिलधारचा झरा, सौताड्याचा धबधबा आणि खजाना विहिरीचे बोगदे यांनाही पोसते. पूर्वीच्या आश्रयदात्यांनी देवालयाबरोबर कुंड आणि किल्ल्याबरोबर हौद बांधला, कारण पाण्यावाचून त्यांच्या स्थळी माणूस थांबणार नव्हता. दर्शनी बांधकामाआधी माथ्यावरचे रान आणि झऱ्यांचे उगम राखणे हा त्यांच्या बांधणीतून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष आहे, आणि जिल्ह्याच्या पर्यटनविकासाची कोणतीही योजना त्यावरच तपासली गेली पाहिजे.