कोरं पत्र, कापलेली रिंग: निरोपाच्या काटकसरीचा इतिहास

मागच्या महिन्यात आम्ही फोनचं रिचार्ज करायला कोपऱ्यावरच्या दुकानात उभे होतो. आमच्या पुढे एक आजीबाई होत्या. दुकानदाराने त्यांना तीन-चार पॅक वाचून दाखवले, रोजचा एवढा डेटा, एवढे दिवस. आजीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा, यातलं मला काही नको. मला फक्त मिस्ड कॉल देता आला पाहिजे. तेवढ्याचे किती ते सांग." दुकानदार हसला. "आजी, मिस्ड कॉल द्यायलाही पॅक लागतो आता."

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण तो खरंच बोलत होता. २०१८च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. बोला न बोला, फोन जिवंत ठेवायचा तर ठरावीक पैसे भरा. म्हणजे काही न बोलता निरोप पोचवण्याची जी फुकट वाट होती, ती बंद झाली. आजचा विषय त्या वाटेचा आहे. ती मोबाईलबरोबर जन्मली असं तरुण मंडळींना वाटतं. ती त्याच्याहून पावणेदोनशे वर्षांनी तरी जुनी आहे.

इंग्लंडमध्ये १८४०पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा देत असे. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचं पत्र जायला एक शिलिंगाहून जास्त पडायचे. शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा त्यात जायचा. आता गोष्ट ऐका. कवी कोलरिज इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलखातून चालला होता. एका झोपडीच्या दारात पोस्टमन पत्र घेऊन उभा होता. बाईने पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि एवढे पैसे नाहीत म्हणून परत केलं. पत्र भावाचं होतं. कोलरिजला दया आली. बाई नको नको म्हणत असताना त्याने शिलिंग भरून टाकला. पोस्टमन गेल्यावर बाईने पत्र उघडून दाखवलं. आत कोरा कागद! भावा-बहिणीचं ठरलेलं होतं. सगळं ठीक असेल तोवर ठरावीक काळाने त्याने कोरा कागद पाठवायचा, आणि पत्ता त्याच्या हातचा आहे एवढं पाहून तिने तो परत करायचा. निरोप पोचला, दमडी गेली नाही. गेला तो बिचाऱ्या कवीचा शिलिंग.

ही गोष्ट अनेक ठिकाणी खुद्द रोलंड हिलच्या नावावर सांगितली जाते, पण ती कोलरिजची. हिलने ती आपल्या लिखाणात उद्धृत केली, इतकंच. हा हिल म्हणजे पेनी पोस्टाचा जनक, मूळचा शाळामास्तर. १८३७ साली त्याने टपालसुधारणेवर एक पुस्तिका काढली. त्याने हिशोब मांडला की लंडन ते एडिंबरो एक पत्र वाहून न्यायला खरा खर्च येतो एका पेनीचा छत्तिसावा हिस्सा. आणि लोकांकडून घेतात शिलिंगाच्या वर. मग लोक पळवाटा काढणार नाहीत तर काय करणार? त्या काळी तिकडे वर्तमानपत्रं टपालाने फुकट जात. तेव्हा लोक जुना अंक घ्यायचे आणि हव्या त्या अक्षरांना टाचणीने भोकं पाडायचे. घेणाऱ्याने अंक उजेडासमोर धरायचा, भोकं पडलेली अक्षरं जुळवायची, झालं पत्र.

टपालखात्याच्या दृष्टीने ही सरळ लबाडी होती. कोऱ्या पत्रालाही घोडागाडी लागते, माणूस लागतो, त्याची भरपाई दुसऱ्या कुणाच्या तरी शिलिंगातून होते. हा आक्षेप आम्हाला उडवून लावता येत नाही. मिस्ड कॉललाही तो लागू आहे. काटकसर करणाऱ्याचा खर्च हवेत विरत नाही, कुणीतरी तो उचलतोच. पण हिलने त्या बाईला दोष दिला नाही, दराला दिला. १८४०च्या मे महिन्यात पेनीचं तिकीट आलं. पैसे आधी भरा, अंतर कितीही असो. इंग्लंडातली पत्रं १८३९मध्ये सुमारे साडेसात कोटी होती, ती १८४०मध्ये जवळपास सतरा कोटींवर गेली. एवढं लोकांच्या मनात होतं आणि ते लिहीत नव्हते! खात्याचं उत्पन्न मात्र पूर्वपदावर यायला बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे हीच व्यवस्था १८५४ साली आली. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जाऊ दे की कलकत्त्याला. पण एक फट ठेवलेली होती. तिकीट न लावता पत्र टाकता येत असे, घेणाऱ्याने दुप्पट भरायचे. आपल्या घरांत त्याला "नॉटपेड" म्हणत. नॉटपेड आलं की घरात दोन तट पडायचे, सोडवून घ्यायचं की परत करायचं? आमच्या आजोबांना अक्षर ओळखीचं वाटलं की ते पोस्टमनला म्हणायचे, "नको रे, बरे आहेत ते." एवढंच. कोलरिजने पाहिलेल्या बाईला आमचे आजोबा नक्की कळले असते.

मग १८७९ साली पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं, आणि मराठी माणसाला आपलं साधन सापडलं. कार्डावर जागा थोडी, म्हणून "साष्टांग नमस्कार विनंती विशेष"चं "सा. न. वि. वि." झालं. समासात आडवं लिहायचं, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या पट्टीत उभं लिहायचं. आणि एक वाक्य तर शिक्क्यासारखं: "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे." मंडळी, हे वाक्य म्हणजे शाईने लिहिलेला कोरा कागदच. घरात कुणी तापाने फणफणलेलं असलं तरी "इकडील सर्व क्षेम" लिहून झाल्यावर मग खाली तो मजकूर यायचा. मरणाची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचायच्या आधीच हाताला कळायचं.

तारेबद्दल फार बोलत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तिथे शब्दाला पैसे. व्यापाऱ्यांनी संकेतकोश छापून घेतले, एका शब्दात अख्खं वाक्य. सणासमारंभाच्या शुभेच्छांना तारखात्यानेच क्रमांक देऊन ठेवले होते, नुसता आकडा सांगायचा. जुलै २०१३मध्ये तार बंद झाली.

टेलिफोनच्या काळात मात्र आम्ही स्वतः गुन्हेगारांत मोडतो. तरुण मंडळींना सांगायला हवं, फोनसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबावं लागे. अनेकांच्या पत्त्याखाली शेजाऱ्याचा नंबर असे, पुढे कंसात "पी. पी." परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा, तीन मिनिटांच्या हिशोबाने. त्यात ठरावीक व्यक्तीलाच बोलवायची सोय होती, आणि ती व्यक्ती जागेवर नसेल तर पूर्ण आकार पडत नसे. झालं! आम्ही वसतिगृहात पोचलो की घरच्या पी. पी. नंबरवर "सदाशिवराव आहेत का?" असा कॉल लावायचा. सदाशिवराव नावाचं आमच्या घरात कुणीही नव्हतं. शेजारचे काका ऑपरेटरला गंभीरपणे सांगायचे, "ते बाहेरगावी गेलेत." मुलगा सुखरूप पोचला. परीक्षेच्या निकालासाठी दुसरं नाव होतं, ते सांगत नाही.

पुढे एसटीडी आली, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. दर दिवसा पूर्ण, संध्याकाळनंतर उतरत जायचे, रात्री उशिरा पाव. त्या पाव दरासाठी लोक जेवणं आटोपून रांगेत उभे राहायचे. आत बोलणाऱ्याची नजर लाल आकड्यांवर, बाहेरच्यांची त्याच्या पाठीवर. मग ३१ जुलै १९९५ला देशात पहिला मोबाईल कॉल झाला. सुरुवातीला दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे! २००३मध्ये येणारे कॉल फुकट झाले, आणि तिथून मिस्ड कॉलला खरा बहर आला. दूधवाल्याला एक रिंग म्हणजे एक लिटर, दोन म्हणजे दोन. रिक्षावाला खाली आला की रिंग. २०११मध्ये राळेगणच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लाखो लोकांनी पाठिंबा दिला तो मिस्ड कॉलने. एका बंगळुरूच्या कंपनीने यावरच धंदा उभा केला, आणि २०१५मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

ही एकट्या आपलीच हुशारी आहे असं मात्र समजू नका. आफ्रिकेत याला बीप करणं म्हणतात. जोनाथन डोनर नावाच्या अभ्यासकाने रवांडामध्ये राहून त्याचे नियम लिहून काढले, २००७मध्ये तो लेख आला. पहिला नियम असा की ज्याच्याकडे जास्त पैसे त्याने उलट फोन करायचा. ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याला बीप करायचं नाही. तरुणाला मुलीवर छाप पाडायची असेल तर चुकूनही नाही. आम्ही वाचलं आणि आमचे विद्यार्थी डोळ्यांपुढे आले. फी भरण्याबद्दल विचारायचं असलं की मिस्ड कॉल, गुण वाढवून मागायचे असले की पूर्ण कॉल.

आता थोडं आमच्या विषयाचं, फार नाही. आपल्या दर्शनांनी "अभाव" हा चांगला गंभीरपणे घेतला आहे. जमिनीवर घडा नाही, हे कसं कळतं? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, न दिसण्यावरूनच कळतं, आणि हे न दिसणं ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. पण ते एक अट घालतात. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. ही अट आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवली.

आमच्या अक्का कोल्हापूरला, आम्ही पुण्यात. नव्वदच्या दशकात आमच्यात ठरलेलं होतं, दर रविवारी रात्री नऊ वाजता तिने एक रिंग देऊन ठेवायचं, आम्ही उलट एक द्यायची. अर्थ एकच, सगळं ठीक. पगार तेव्हा बरा होता हो, परवडत नव्हतं असं नाही. सवय जुनी होती, आणि त्या दोन रिंगांची आम्हाला गंमतही वाटायची. हिशोब केला तर वर्षाला काही शे रुपये वाचले असतील. एका रविवारी नऊला रिंग आली, आम्ही नेहमीप्रमाणे थांबलो. दुसरी वाजली. तिसरी वाजली, तेव्हाच पोटात गोळा आला. भाचा बोलत होता. अक्का तीन आठवडे दवाखान्यात होती. रिंगा तोच देत होता, तिच्या सांगण्यावरून. "मामाला रिंग दे, नाहीतर धावत येईल."

तीन रविवार आम्ही घंटा ऐकून निश्चिंत झोपलो होतो. आजारपणासाठी आमच्यात रिंगच ठरलेली नव्हती. खोली अंधारी होती आणि आम्ही घडा नाही म्हणत होतो. कोलरिजच्या त्या बाईचंही असंच होतं, हे आम्हाला त्या रात्रीच्या एसटीत सुचलं. भावाने कोरा कागद पाठवला तो तो ठीक होता म्हणून, की बहिणीला काळजी नको म्हणून? उघडूनही तिला कळलं नसतं.

सकाळी दवाखान्यात पोचलो तर अक्का आमच्यावरच चिडली. "अरे, एवढ्या लांब कशाला आलास? रिंग येत होती ना?"

ती त्यातून बरी झाली, पुढे बरीच वर्षं होती. आम्ही रिंगा बंद केल्या आणि रविवारी फोनवर बोलायला लागलो. पहिले काही रविवार काय बोलायचं तेच सुचेना. ती विचारायची, "जेवलास का?" आम्ही विचारायचो, "पाऊस आहे का?" मग हळूहळू तिच्या गुडघ्याचं कळलं, सुनेशी कशावरून बिनसलं ते कळलं, आईच्या पाटल्यांचं एक जुनं प्रकरण कळलं जे चाळीस वर्षांत कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. पण तिची नजर घड्याळावर असायची. तीन मिनिटं झाली की "बरं, ठेवते." पुढे भाच्याने तिला मोबाईल घेऊन दिला, बोलणं जवळजवळ फुकट झालं, आम्ही तिला ते समजावूनही सांगितलं. तरी शेवटपर्यंत तीन मिनिटांनी "बरं, ठेवते."

समोरून चिठ्ठी आली आहे, वेळ संपलेली दिसते. प्रश्न असतील तर घेऊ. आणि मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजतोय, तो घ्या, कापू नका.