कालव्यातला परका शिकारी: मायामीच्या पाण्याचा इतिहास

शहरातल्या पाण्याचा इतिहास आपण बहुतेक वेळा पूल, धरणं आणि पूर यांच्यातून सांगतो. आज तो एका माशाच्या बाजूने पाहू या.

मायामीत रस्त्याकडेला, घरांच्या मागे, अगदी विमानतळाजवळच्या कालव्यांवर सकाळी माणसं फ्लाय-रॉड घेऊन उभी दिसतात. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि धागे गळाला बांधून केलेलं खोटं आमिष. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे जाड दोरीच्या वजनावर ते फेकावं लागतं. त्यांना हवा असतो पीकॉक बास: सोनेरी अंगाचा, शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा असलेला. हा दिवसाउजेडी, नजरेने शिकार करतो. विणीच्या काळात नर-मादी घरट्यावर पहारा देतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. भूक नसतानाही! म्हणून तर फ्लायवाल्यांना तो इतका प्रिय.

पण हा मासा तिथला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. मग इथे आला कसा?

त्यासाठी आधी कालव्यांकडे जायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर नेपोलियन ब्रॉवर्ड यांनी एव्हरग्लेड्सची दलदल उपसून शेतजमीन काढायचा चंग बांधला. १९४७ मध्ये वादळांमुळे मोठा पूर आला, आणि १९४८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पूरनियंत्रणाची प्रचंड योजना मंजूर केली. कालव्यांचं जाळं वाढलं. हे कालवे सच्छिद्र चुनखडीत खोदलेले, त्यामुळे भूजल त्यांत झिरपतं आणि हिवाळ्यातही पाणी फार गारठत नाही. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी आपण नकळत घर बांधून ठेवलं.

त्या घरात शिरला आफ्रिकेतला ठिपकेदार तिलापिया. १९७०च्या दशकात तो कालव्यांत पसरला आणि स्थानिक शिकारी माशांना आवरेना. तिलापियाचं हे पसरणं आपल्याला नवं नाही. उजनीच्या मच्छीमारांना 'चिलापी' चांगलीच ठाऊक आहे.

फ्लोरिडाच्या मत्स्यखात्यातले जीवशास्त्रज्ञ पॉल शाफलंड यांनी बरीच वर्षं अभ्यास केला, आणि १९८४ पासून पीकॉक बासची पिल्लं मुद्दाम कालव्यांत सोडली गेली. नावात बास असलं तरी हा सिक्लिड कुळातला, म्हणजे तिलापियाचाच लांबचा भाऊबंद. भाऊबंदकीचा असा सरकारी उपयोग विरळाच!

निवडीमागे एक हिशोब होता. पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हा मासा मरतो. म्हणजे तो उत्तरेकडे पसरणार नाही. थंडी हेच त्याचं कुंपण. २०१०च्या जानेवारीत लांबलेल्या थंडीत असंख्य पीकॉक मेले, तेव्हा ते कुंपण खरं असल्याचं दिसलं. पुढच्या काही वर्षांत संख्या सावरली.

मग प्रयोग यशस्वी झाला का? तिलापिया संपला नाही. पण ज्या पाण्याकडे लोक गटार म्हणून बघायचे, तिथे गळ टाकणाऱ्यांची रीघ लागली, आणि मासेमारीतून पैसाही येऊ लागला. दुसरी बाजूही तितकीच खरी: परक्यावर उतारा म्हणून दुसरा परका आणणं ही वाट जगात अनेकदा महागात पडली आहे. इथे निभावलं ते अभ्यासामुळे आणि थंडीच्या कुंपणामुळे. हवामान तापत गेलं तर ते कुंपण किती टिकेल?

२००० साली याच भागात आपल्या मरळीच्या कुळातला एक मासाही सापडला. त्याला कोणत्याही खात्याने सोडलं नव्हतं. आज तोही फ्लायवर घेतला जातो.

तेव्हा मंडळी, कालवा खोदणाऱ्याला फक्त पाणी वाहून न्यायचं होतं. त्यात पुढे कोण राहायला येईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आपल्याकडे नद्यांचे काठ बांधून काढताना तरी तो आधी विचारू या.