देऊळ, पार आणि बदलती वस्ती

पवना व इंद्रायणीच्या काठांपासून चाकणपर्यंतची गावे पूर्वी बहुतांशी एकाच ठेवणीची होती. वेशीपाशी मारुती, पुढे चावडी, मध्यभागी ग्रामदैवताचे देऊळ व देवळापुढे वडाचा किंवा पिंपळाचा पार. शेतातून परतणारा गडी, पाण्याला निघालेली सासुरवाशीण, बाजाराहून आलेला वाणी, सर्वांच्या वाटा पारापाशी मिळत. कुणाकडे आजारपण आहे, कुणाची विहीर आटली, हे कळावयास निराळा निरोप्या लागत नसे. घरांना ओटे होते व ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांची नजर गल्लीतील सर्वच पोरांवर असे. गावाची अशी मांडणी हीच गावाची राखण होती.

चिंचवडास श्री मोरया गोसावींचे समाधिमंदिर पवनेकाठी व मंगलमूर्ती वाडा गावात आहे. भाद्रपद व माघ महिन्यांत श्रींची पालखी मोरगावास निघते, तेव्हा गावचा रस्ता हाच सभामंडप होतो. चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग 1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. तो तट परक्यांना अडविण्यासाठी बांधलेला होता.

परंतु जुन्या गावरचनेत आपल्याच माणसांना अडविणाऱ्याही भिंती होत्या, हे विसरणे बरे नव्हे. काही वस्त्या वेशीबाहेर, त्यांचा पाणवठा वेगळा आणि देवळाची पायरी ही त्यांची सीमा. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे आला.

पुढे या भागाचा कायापालट झाला. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व माळरानांवर कारखाने उभे राहिले. 1970 साली नगरपालिका, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण व 1982 साली महानगरपालिका झाली. मराठवाडा, खानदेश, कोकण व परप्रांतांतून आलेली माणसे एकाच पाळीत खांद्याला खांदा लावून राबू लागली. कारखान्याच्या कँटीनमध्ये एका पंगतीला बसताना कुणी कुणाची जात विचारीना. वेशीने जे दूर ठेवले, ते भोंग्याने जवळ आणले.

प्राधिकरणाने रुंद रस्ते व आखीव सेक्टर दिले, घरांना उजेड व हवा मिळाली. 2021 साली ते प्राधिकरण विसर्जित झाले, पण त्याची आखणी शहराच्या अंगावर कायम आहे. मात्र घरासमोरचा ओटा गेला व कुंपणाची भिंत आली. 1997 साली मोशी, चिखली, वाकड आदी गावे महापालिकेत आली आणि गावठाणांभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. चाकण परिसरातही कारखान्यांबरोबर हीच घडण सुरू झाली. एकाच जिन्याने वर्षानुवर्षे चढणारी कुटुंबे एकमेकांना नावानिशी ओळखत नाहीत, असेही दिसू लागले.

अशा वेळी देवळापुढील मोकळ्या जागेचे मोल कळते. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्कामास येते. त्या रात्री मूळचा ग्रामस्थ आणि कामानिमित्त आलेला भाडेकरू एकाच अंगणात वारकऱ्यांना भाकरी वाढतात. अंगण नसते तर ही भेट कोठे झाली असती?

म्हणूनच जीर्णोद्धार म्हणजे केवळ शिखराला रंग व गाभाऱ्याला संगमरवर नव्हे. पार शाबूत राहावा, त्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना सावली मिळावी, पायऱ्या त्यांना चढवतील अशा असाव्यात आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारालाही दर्शनासाठी दार उघडे सापडावे. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया व ग्रामस्थांनी केलेले श्रमदान अशा जागेसाठी खर्ची पडले, तर जुन्या गावातील आपुलकी नव्या वस्तीला मिळेल आणि जुन्या गावातील भेदाची पायरी पुन्हा बांधली जाणार नाही. ग्रामदैवताच्या चरणी एवढीच प्रार्थना.